चंद्रावरची रेती कोणाची?

2022 सालचा गुढीपाडवा 2 एप्रिलला आला होता. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, दिवेलागण होऊन गेली होती, आणि पावणेआठच्या सुमारास बाळापुरात आमच्या गल्लीतली पोरं ओरडत गच्चीवर धावली. मीही गेलो. आगीचे लोळ एका ओळीत, कसलाही आवाज न करता, आभाळ कापत पूर्वेकडे चालले होते. कोणी म्हणालं उल्का, कोणी म्हणालं विमान पेटलं. रात्री फोनवर छायाचित्रं येऊ लागली. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक भली मोठी कडी पडली होती, सुमारे तीन मीटर व्यासाची. त्याच तालुक्यात पवनपारला धातूचा एक गोळाही सापडला. चीनच्या चांग झेंग 3बी जातीच्या अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. कडी पोलीस ठाण्यात नेऊन ठेवली गेली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एका ट्रॅक्टरमालकाने मला विचारलं, "मंडळ साहेब, थे कडं आता कोनाचं? ज्याच्या जागेत पडलं त्याचं, का सरकारचं?"

प्रश्न माझ्या जन्मभराच्या कामाचा होता. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ बाळापूर तालुक्यात, पूर्णा आणि मन नदीच्या रेतीघाटांवर गेला. वस्तू कोणाची, उचलायचा हक्क कोणाला, उचलली तर सरकारात किती भरायचं आणि न भरता उचलली तर काय, हेच आमचं काम. म्हणून मी त्या कडीचा कायदा शोधायला बसलो. शोध कडीवर थांबला नाही, थेट चंद्रावरच्या मातीपर्यंत गेला. तिथे जे वाचायला मिळालं ते चार लोकांना सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण त्या हिशेबात आपलाही वाटा आहे आणि तो अजून कुठेही लिहिलेला नाही.

आधी कडीचं. 1967 साली जगातल्या देशांनी एक करार केला, त्याला बाह्य अवकाश करार म्हणतात. 27 जानेवारीला तो सह्यांसाठी खुला झाला, 10 ऑक्टोबरला अमलात आला. भारताने त्याच वर्षी मार्चमध्ये सही केली आणि 1982 च्या जानेवारीत तो रीतसर मंजूर केला. त्याचं आठवं कलम सांगतं की अवकाशात सोडलेल्या वस्तूची मालकी ती वर गेल्याने किंवा परत खाली पडल्याने बदलत नाही. म्हणजे ती कडी ज्याच्या जागेत पडली त्याची नाही, आपल्या सरकारचीही नाही. ज्याने अग्निबाण सोडला त्याचीच ती राहते, आणि त्याने मागितली तर परत द्यावी लागते. जबाबदारीही त्याचीच. 1972 च्या दुसऱ्या करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, चूक कोणाची हे न विचारता. 1978 मध्ये सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस 954 हा अणुइंधनाचा उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले आणि 1981 मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली.

आता माणसाने न सोडलेली वस्तू घ्या. 22 मे 2012 ला नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात भरदुपारी आभाळातून दगड पडले. हे खरे उल्काश्म. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी ते गोळा केले. आपल्या देशात उल्काश्मांचा सांभाळ हीच संस्था करते, मोठा संग्रह कोलकात्यात आहे. पुढे काटोलच्याच एका तुकड्यात खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांना ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल ते भरपूर आहे, पण तिथून ते कोणालाच आणता येत नाही. अमेरिकेत मात्र अशा दगडावरून भांडण न्यायालयात गेलं होतं. आयोवा राज्यात 1890 मध्ये पडलेल्या उल्काश्माबद्दल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1892 मध्ये निकाल दिला की ज्याच्या जमिनीत दगड रुतला, दगड त्याचा. ज्याने खणून काढला त्याचा नाही, ज्याने विकत घेतला त्याचाही नाही.

कडीला सोडणारा देश आहे, उल्काश्माला खाली जमीन आहे आणि जमिनीला मालक आहे. आमच्या खात्याचं सूत्र याहून सोपं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 48. जमिनीच्या वर असो की पोटात, नदीपात्रात असो की नाल्यात, सगळ्या खनिजांवरचा हक्क राज्य शासनाचा. परवान्याशिवाय उचललं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि गाडी जप्त. वावर तुमचं असेल, सातबारा तुमच्या नावावर असेल, तरी त्यातला मुरूम खणून विकायचा तर रॉयल्टी भरून पास घ्यावाच लागतो. लोकांना याचा राग येतो, मी तो कितीदा तोंडावर ऐकला आहे. पण या कायद्यामागचा विचार मला नेहमीच पटला. नदी एकाची नसते, म्हणून रेतीचा मोबदला सगळ्यांच्या तिजोरीत जायला हवा.

हा विचार आपल्या भागात जुना आहे. अबुल फजलने ऐन-ई-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना बाळापूरजवळच्या दोन प्रवाहांच्या काठी तऱ्हेतऱ्हेचे सुंदर दगड सापडतात आणि लोक ते घासून-कापून जपून ठेवतात, अशी नोंद केली आहे. त्या आमच्या मन आणि म्हैस नद्या. किल्ला ज्या संगमावर उभा आहे तिथे पाणी ओसरल्यावर आजही गारगोट्या आणि अकीक हाताला लागतात. दख्खनच्या लाव्हात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये ते तयार झाले. त्याच ग्रंथात लोणारचीही नोंद आहे. लोणारच्या सरोवरातल्या क्षारापासून काच आणि साबणाचं साहित्य मिळतं आणि सरकारला चांगला महसूल येतो, असं तिथे लिहिलं आहे. लोणारचं ते विवर अशनी आदळून पडलं हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, काळ्या बसाल्टमध्ये पडलेलं हे विवर जगभरचे चंद्राचे अभ्यासक पाहायला येतात, कारण चंद्रावरची काळी मैदानंही बसाल्टचीच आहेत. तेव्हा अवकाशातून आलेल्या धोंड्याने केलेल्या खड्ड्यातून माल काढणं आणि त्यावर महसूल घेणं, हे वऱ्हाडाने अकबराच्या काळातच पाहिलं. फरक एवढाच की लोणारला वसुलीला हक्काचा राजा होता.

चंद्राला राजा नाही, आणि होऊही शकत नाही. 1967 च्या कराराचं दुसरं कलम या विषयाचा कणा आहे. अवकाश, चंद्र आणि इतर कोणताही गोल कोणत्याही देशाला आपला म्हणता येणार नाही: सार्वभौमत्व सांगून नाही, वापर करून नाही, कब्जा करून नाही, आणखी कोणत्याही मार्गाने नाही. महसूल खात्यातला माणूस 'वापर' आणि 'कब्जा' या दोन शब्दांशी लगेच थांबतो. आपल्याकडे खाजगी जमिनीवर बारा वर्षं आणि सरकारी जमिनीवर तीस वर्षं उघड, अखंड ताबा ठेवला की ताबेदार मालकीचा दावा सांगत न्यायालयात जातो. अतिक्रमणाच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. अवकाश करार लिहिणाऱ्यांनी ती वाट आधीच बंद केली. चंद्रावर शंभर वर्षं ठाण मांडून बसलात तरी जमीन तुमची होणार नाही. एक अमेरिकन गृहस्थ 1980 पासून चंद्रावरचे प्लॉट विकत आले आहेत आणि आपल्याकडच्याही पुष्कळ लोकांनी हौसेने ती प्रमाणपत्रं घेतली आहेत. त्या कागदाला कोणत्याही देशात किंमत नाही. कोणी तुम्हाला गुंतवणूक म्हणून तो देऊ केला तर पैसे देऊ नका.

पण जमीन कोणाचीच नाही म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: त्या जमिनीतून काढलेला माल कोणाचा? यावर करार गप्प आहे. पहिलं कलम म्हणतं, अवकाशाचा शोध आणि वापर सगळ्या देशांना मोकळा. वापरात खाणकाम येतं की नाही, ते लिहिलेलं नाही. 1967 मध्ये माणूस चंद्रावर उतरलाही नव्हता, खाणीचा विचार कोण करणार!

या गप्प जागेत गेल्या दहा वर्षांत कायदे उभे राहिले. नोव्हेंबर 2015 मध्ये अमेरिकेने कायदा केला की अमेरिकन नागरिकाने अवकाशातून मिळवलेली साधनसामग्री त्याची. ती तो बाळगू शकतो, वापरू शकतो, विकू शकतो. 2017 मध्ये लक्झेंबर्गने, 2019 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने, 2021 मध्ये जपानने असेच कायदे केले. लक्झेंबर्ग हा आपल्या अकोला जिल्ह्याच्या निम्म्याएवढाही नसलेला देश, पण कंपन्यांना कायद्याचं छप्पर देण्यात त्याने घाई केली. या सगळ्यांचं म्हणणं एकच. समुद्र कोणाचा नसतो, तरी कोळ्याने धरलेला मासा कोळ्याचा असतो.

माझ्या मते हा दाखला अर्धाच खरा आहे. मासे पुन्हा होतात. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या खड्ड्यातला बर्फ कोट्यवधी वर्षांत साचला आहे आणि एकदा उपसला की संपला.

माल आपला म्हणता येतो, याला व्यवहारातला दाखला आहे. अपोलोच्या अंतराळवीरांनी 382 किलो दगडमाती आणली आणि अमेरिकेने ती आपली म्हणून सांभाळली. रशियाच्या लुना 16 ने 1970 मध्ये सुमारे शंभर ग्रॅम माती आणली. तिच्यातले तीन कण 1993 मध्ये न्यूयॉर्कला लिलावात 4,42,500 डॉलरला गेले. विकणाऱ्याला मालक मानल्याशिवाय लिलाव होत नाही. चीनने चांग-ई 5 मधून 1,731 ग्रॅम आणि 2024 मध्ये चांग-ई 6 मधून, चंद्राच्या आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूची, 1,935 ग्रॅम माती आणली. कोणीच हरकत घेतली नाही. 2020 मध्ये नासाने आणखी एक पाऊल टाकलं. चंद्रावरची थोडी माती गोळा करा, छायाचित्र काढा आणि जागेवरच आम्हाला विका, अशा निविदा काढल्या. एका अमेरिकन कंपनीने किंमत लावली एक डॉलर, जपानच्या आयस्पेसने पाच हजार. पैशांसाठी हे नव्हतंच. चंद्रावरच्या मातीचं खरेदीखत होऊ शकतं, हे जगाला दाखवायचं होतं. अजून ते पुरं झालेलं नाही. आयस्पेसची यानं एप्रिल 2023 आणि जून 2025 मध्ये उतरताना कोसळली. एक डॉलरवाल्या कंपनीची गाडी मार्च 2025 मध्ये ज्या यानातून गेली, ते चंद्रावर आडवं पडलं आणि गाडी बाहेरच येऊ शकली नाही.

हे सगळं मी टपरीवर सांगत होतो तेव्हा तोच ट्रॅक्टरमालक म्हणाला, "आपल्या मन नदीतली एक ट्रॉली उचलली त तुमी गाडी लावता, अन तिथं जो नेईन त्याची म्हनता?"

या कायद्यांवरचा माझा आक्षेप त्याने एका वाक्यात सांगून टाकला. 25 जुलै 2024 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की खनिजावरची रॉयल्टी हा कर नव्हे. खनिज काढू दिल्याबद्दल काढणाऱ्याने देणाऱ्याला द्यायचा तो मोबदला आहे. आठ विरुद्ध एक असा निकाल झाला. महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तो वाचून बरं वाटलं. आता हेच चंद्राला लावून पाहा. काढणारा आहे, माल आहे, गिऱ्हाईकही आहे. मोबदला घेणारा कोणी नाही. जमीन सगळ्या मानवजातीची म्हणायची आणि तिच्यातून माल नेणाऱ्याने मानवजातीला एक पैसाही द्यायचा नाही, हे मला न्यायाचं वाटत नाही.

असा मोबदला लिहून ठेवायचा प्रयत्न एकदा झाला होता. 1979 चा चंद्र करार. त्यात चंद्राची संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा ठरवली होती, आणि खाणकाम जवळ आलं की सगळ्यांनी मिळून एक व्यवस्था उभारायची, गरीब देशांचा विचार करून लाभ वाटायचा, असं ठरलं होतं. 1984 मध्ये तो अमलात आला, पण अमेरिका, रशिया, चीन यांपैकी कोणीच त्यात गेलं नाही. सौदी अरेबिया होता, तोही 2024 मध्ये बाहेर पडला. आज सतरा देश उरले आहेत. भारताने 1982 मध्ये सही केली आणि पुढे मंजुरी दिली नाही.

सामाईक वारशाची व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहायला गोव्याला जावं लागतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने 26 जानेवारी 1981 ला समुद्रतळावरून बटाट्याएवढे काळे गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट अशा धातूंचे ते गोळे. समुद्राचा तो तळ कोणत्याच देशाचा नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यातून जमैकात एक प्राधिकरण उभं राहिलं, आणि तळाचे पट्टे ते वाटून देतं. प्राधिकरण उभं राहण्याआधीच, 1987 मध्ये, त्याच कायद्याच्या तयारीच्या व्यवस्थेतून असा पट्टा मिळवणारा भारत जगातला पहिला देश ठरला. आज मध्य हिंद महासागरात पंचाहत्तर हजार चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्याकडे शोधासाठी आहे. अर्ज, नकाशा, मुदत, अहवाल, न वापरलेलं क्षेत्र परत करणं, हे सगळं तिथे आहे. आमच्या गौण खनिजाच्या फायलीत असतं तसंच. चाळीस वर्षांत व्यापारी खाण मात्र तिथे एकही सुरू झाली नाही, कारण पाच-सहा किलोमीटर खोलीवरून माल वर आणणं परवडत नाही आणि खाणकामाचे अंतिम नियमही ठरलेले नाहीत. त्यात एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने प्राधिकरणाला बाजूला ठेवून स्वतःचे परवाने देण्याचा आदेश काढला. तरीही मी गोव्याचा दाखला चांगला मानतो. पाणबुड्या तयार होण्याआधी नोंदवही तयार होती.

आता परवडण्याचा प्रश्न. चंद्रावर एक किलो सामान पोचवायला एका अमेरिकन कंपनीने जाहीर केलेला दर बारा लाख डॉलर होता. एक किलो सोन्याची किंमत याच्या जवळपासही नाही. म्हणजे चंद्रावर सोन्याच्या तयार विटा रचून ठेवलेल्या असत्या, तरी त्या आणायला जाणं तोट्याचं ठरलं असतं. अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावरून सप्टेंबर 2023 मध्ये आणलेली माती 121.6 ग्रॅम, मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर. जपानच्या हायाबुसा 2 ने र्‍युगूवरून आणलेली माती साडेपाच ग्रॅमही नाही. ही विज्ञानाची कामं आहेत आणि त्यांची किंमत वजनात मोजायची नसते. पण वृत्तवाहिन्या जेव्हा सायकी नावाच्या लघुग्रहावर पृथ्वीच्या सगळ्या संपत्तीहून मोठं घबाड असल्याचं सांगतात, तेव्हा हे आकडे लक्षात ठेवावेत. सायकीकडे ऑक्टोबर 2023 मध्ये निघालेलं यान 2029 मध्ये पोचेल, आणि ते फक्त पाहणार आहे, खणणार नाही. 2012 मध्ये मोठमोठ्या धनवंतांच्या पाठबळावर लघुग्रह खणायला निघालेली प्लॅनेटरी रिसोर्सेस कंपनी 2018 मध्ये दुसऱ्याच धंद्यातल्या कंपनीने विकत घेतली. अॅस्ट्रोफोर्ज या नव्या कंपनीचं यान फेब्रुवारी 2025 मध्ये उडालं आणि थोड्याच दिवसांत त्याचा संपर्क तुटला.

हेलियम-3 ची चर्चाही पुष्कळ होते. पुढे कधीतरी अणुसंमीलनाच्या भट्ट्यांना ते इंधन म्हणून लागेल, असं म्हणतात. चंद्राच्या मातीत ते आहे, पण एक ग्रॅम मिळवायला शंभर टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त माती तापवावी लागेल. आणि ते जाळणारी भट्टी पृथ्वीवर अजून एकही नाही.

मग खणण्यासारखं आहे काय? पाणी. या शोधात आपल्या देशाचा हात आहे. चांद्रयान-1 वर बसवलेल्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा टिपल्या आणि सप्टेंबर 2009 मध्ये ते जाहीर झालं. पुढच्याच महिन्यात नासाने चंद्रावरच्या कॅबियस विवराच्या कायम अंधारात अग्निबाणाचा एक रिकामा टप्पा आदळवला. उडालेल्या धुळीत वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी निघालं. म्हणजे टनामागे पन्नास-पंचावन्न किलो. हे पाणी पृथ्वीवर आणायचं नाही. तिथेच प्यायचं, त्यातून प्राणवायू घ्यायचा, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळे करून तिथूनच यानात इंधन भरायचं. नेण्याचा खर्च वाचतो हाच नफा. अवकाशातल्या खाणीचा खरा हिशेब हा आहे, सोन्या-प्लॅटिनमचा नाही.

तोही सोपा नाही. आमच्याकडे जेसीबी आपल्या वजनावर जमिनीत दात रोवतो. चंद्रावर वजन सहाव्या हिश्श्यावर येतं. बादली मातीत घुसायच्या ऐवजी यंत्रच उचललं जातं. म्हणून नासाने दोन बाजूंना उलट फिरणाऱ्या ढोलांचं यंत्र करून पाहिलं आहे, म्हणजे एकाचा धक्का दुसरा खाईल. तिथली धूळ वाऱ्यापाण्याने कधी झिजलेली नाही, तिला काचेची धार असते. अपोलोच्या वीरांच्या पोशाखांचे सांधे तिने घासून काढले. रात्र चौदा दिवसांची. चांद्रयान-3 च्या तापमापकाने पृष्ठभागावर पन्नास अंशांच्या आसपास आणि आठच सेंटिमीटर खाली शून्याखाली दहा अंश मोजले. कायम सावलीतल्या विवरांमध्ये पारा शून्याखाली दोनशेच्याही खाली जातो, तिथे पोलाद ठिसूळ होतं. मंगळावर इनसाइट यानाची खुंटी पाच मीटर जायची होती; दोन वर्षं ठोकूनही ती पृष्ठभागाशीच अडकून राहिली. पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने मात्र मंगळाच्या हवेतून प्राणवायू काढून दाखवला: सोळा वेळा मिळून 122 ग्रॅम. एका माणसाच्या एका दिवसाच्या गरजेचा साधारण सातवा भाग. थोडा आहे, पण दुसऱ्या ग्रहावर माणसाने तयार केलेला तो पहिला माल आहे आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

इतकं अवघड असेल तर कायद्याची घाई कशाला, असं कोणी विचारेल. घाई माल मिळण्याची नाही, जागेची आहे. पाणी सगळ्या चंद्रावर सारखं नाही. ते ध्रुवाजवळच्या मोजक्या विवरांत आहे. वीज लागणार उन्हातून, आणि वर्षाचा बहुतेक काळ ऊन मिळणारे उंचवटे शॅकल्टनसारख्या विवरांच्या काठांवर थोडेच आहेत. जिथे बर्फ आणि ऊन शेजारी आहेत, त्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. पहिला पोचणारा त्या धरणार. अमेरिकेच्या पुढाकाराने 2020 मध्ये झालेल्या आर्टेमिस समझोत्यात सुरक्षा क्षेत्राची तरतूद आहे: काम चालू असेल तिथे दुसऱ्याने कळवून, समन्वय करून यावं. हे क्षेत्र तात्पुरतं असावं आणि काम संपलं की संपावं, असंही त्यात लिहिलं आहे. हेतू वाईट नाही. पण तात्पुरत्या झोपडीची पक्की भिंत कशी होते ते मी गावठाणाच्या मोजणीत पाहिलेलं आहे. मुदत किती, क्षेत्र किती, आणि संपल्याचा पंचनामा कोण करणार, हे लिहिलेलं नसेल तर वापराचा कब्जा होतो. अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमाने बंद केलेला दरवाजा मग मागच्या बाजूने उघडतो.

भारत या समझोत्यात 21 जून 2023 ला सत्ताविसावा देश म्हणून गेला. आज पन्नासहून अधिक देश त्यात आहेत; चीन आणि रशिया नाहीत, त्यांचा चंद्रावरच्या केंद्राचा वेगळा बेत आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या भारतीय अंतराळ धोरणात, आपल्या खाजगी कंपन्यांनी लघुग्रहावरून किंवा अवकाशातून कायद्याप्रमाणे मिळवलेली सामग्री त्यांची राहील, ती त्यांना विकता येईल, असं म्हटलं आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. अवकाश उपक्रमांच्या विधेयकाचा मसुदा 2017 मध्ये लोकांसमोर ठेवला होता, तो अजून कायदा झालेला नाही. अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खाजगी कंपनीने अवकाशात काहीही केलं तरी जबाबदार तिचा देश असतो, परवानगी आणि सततची देखरेख त्यानेच करायची असते. म्हणजे उद्या एखाद्या भारतीय कंपनीच्या यंत्राने तिथे दुसऱ्याच्या कामाची नासधूस केली, तर उत्तर दिल्लीला द्यावं लागेल. कायदा नसताना तहसीलदाराने घाट चालवावा, अशी ही अवस्था आहे.

आणि आपण लांबचे प्रेक्षक नाही. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं, तेव्हा त्यात आमच्या शेजारच्या खामगावची चांदी आणि उष्णतारोधक आवरण वापरल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या आणि सगळ्या वऱ्हाडाला अभिमान वाटला होता. प्रज्ञान गाडीने तिथल्या मातीत गंधक शोधून काढलं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने चांद्रयान-4 ला 2,104 कोटी रुपये मंजूर केले. ते चंद्राची माती घेऊन परत येणार आहे. त्यानंतर जपानबरोबरची मोहीम ध्रुवाजवळ पाणी शोधणार आहे. चंद्राची माती हातात असलेल्या देशांच्या पंगतीत आपण बसणार आहोत. अशा देशाचं म्हणणं ऐकलं जातं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. माल काढणाऱ्याला मालाचा हक्क द्यावा. त्याशिवाय कोणी पैसा घालणार नाही आणि पाण्याचा शोध प्रयोगशाळेतच राहील. पण त्या हक्काबरोबर तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. कोण कुठे, किती क्षेत्रावर, किती मुदतीसाठी खणतो याची जगाला दिसणारी एकच नोंदवही. सुरक्षा क्षेत्राला ठरलेली सीमा आणि संपण्याची तारीख. आणि काढलेल्या मालावर, थोडा का होईना, सगळ्या मानवजातीच्या नावाने मोबदला. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीत याच विषयावर एक कार्यगट बसला आहे आणि त्याने 2027 पर्यंत आपली तत्त्वं मांडायची आहेत. चंद्र करारावर सही केलेला, आर्टेमिस समझोत्यातही असलेला आणि ध्रुवाजवळ यान उतरवलेला भारत दोन्ही बाजूंशी बोलू शकतो. इतकी चांगली जागा फार थोड्या देशांकडे आहे. सरकारने आपलं अवकाश विधेयक संसदेत आणावं आणि कार्यगटात ही तीन कलमं मांडावीत. तुमच्या मतदारसंघाचे खासदार भेटले तर रस्ता, पाणी, पीकविमा विचाराच. त्याबरोबर हे विधेयक कुठे अडलं आहे, तेही विचारा.